आबांची मशीन आणि कानबाईचे रोट

व्यायाम करणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. करावा, घाम गाळावा, शंभर वर्षं जगावं. पण तो माझ्या पलंगाच्या बरोबर खाली, कोंबडा आरवायच्या आधी, तेल न दिलेल्या मशीनवर, आणि वर त्या मशीनशी कचाकचा भांडत करू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. शहाद्यात भाड्याने राहिले त्यातल्या शेवटच्या वर्षी ती काही पुरी झाली नाही.

"ए, भाव पाडू नको!" खालून आवाज यायचा. "इतला घाम गाया मी, आनि तू मले फक्त इतलंच दी ऱ्हायनी?"

हा आवाज आमच्या घरमालकांचा. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही. शेती कळसाडीला, कापूस आणि ऊस, घर शहाद्यात. अंगाने शंभर किलोंच्या पुढे आणि स्वभावाने त्याहून जड. आणि ज्याच्याशी ते भांडत होते तो कुणी व्यापारी नव्हता, ती होती इलिप्टिकल मशीन. दोन पावठे आणि दोन दांडे. पावठ्यांवर उभं राहून चालल्यासारखं करायचं, हातांनी दांडे मागेपुढे ओढायचे. गुडघ्यांना धक्का बसत नाही म्हणे. पुण्याच्या मुलाने ऑनलाइन मागवून पाठवली. खोकं उघडलं त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आबा टोपी-चपलांसकट तिच्यावर चढले. घामाघूम होऊन उतरले आणि म्हणाले, "इतलं चालनू, तरी वावर उनं नही!" म्हणजे एवढं चाललो तरी शेत काही आलं नाही.

चूक माझीच. मी तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, म्हणून आबांनी मला बोलावून विचारलं की मॅडम, हा पडद्यावर आकडा कसला वाढतोय? मी सांगितलं, कॅलरी. तुम्ही जी मेहनत करता तिचा हिशेब. झालं! त्या दिवसापासून ती मशीन व्यापारी आणि आबा शेतकरी. एवढी मेहनत म्हणजे किती भाकरी, असं त्यांनी मला तोंडी गणित घातलं. मी उत्तर दिलं तर त्यांचा चेहराच पडला. "म्हंजे अख्खी सकाय चालीसन एक भाकर बी नही? ठेचा तर सोडाच?" मी म्हटलं, नाहीच. "चोर शे हाई. पक्की चोर." आणि त्या चोराला दमात घेऊन भाव वाढवून घेण्याचं काम रोज पहाटे सुरू झालं. दोन्ही हात दांड्यांवर, त्यामुळे टोपी घसरली की सावरता येईना. तर हनुवटीखाली बांधायला टोपीला नाडी शिवून घेतली. टोपी काढून ठेवावी हे त्यांना सुचलं नाही, आणि सुचवायची आमची छाती नव्हती.

या सगळ्याला हसायला समोर खाटेवर जिजी बसलेल्या असायच्या. जिजी म्हणजे आबांची बायको. मूळच्याच बारीक, त्यात दोन्ही किडन्या गेलेल्या. नंदुरबारला डायलिसिसला नेऊन आणलं की दुसरा दिवस त्यांचा पडून जायचा. सुरतेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नवी किडनी बसवली तर माणूस उभा राहील, नाहीतर दिवस मोजायचे. मुलं तयार होती; जिजींनी साफ नकार दिला. "पोरेस्ले हात लावानं नही." आबांची किडनी तर त्यांनी मागितलीच नव्हती. आबांनी स्वतःच जाहीर करून टाकलं, रक्तगट जुळला, सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, आणि घोडं अडलं ते वजनावर. एवढ्या जाड माणसाला मी टेबलावर घेणार नाही, म्हणाले डॉक्टर. आधी उतरवा, मग या. दिवाळीच्या आत.

म्हणून ती मशीन. पहाटेची झोपमोड म्हणून मी कितीही चरफडले तरी शेवटी तोंड गप्प बसायचं ते या एका कारणामुळे.

जिजींचं म्हणणं वेगळंच. "मी कोनले काही मांगं नही," त्या मला म्हणायच्या. "इतला वरीस यास्नं डोकं सहन करं मी, आते यास्नी किडनी बी आंगमा लेऊ? उद्या मी बी बजारमा जाईसन झगडसू!" आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसायच्या की खोकला यायचा. आबा मशीनवरून ओरडायचे, "हासू नको व, मन्हा दम तुटस!"

मशीनच्या आधी आबांनी पायी फिरायचा प्रयोगही केला होता. प्रकाशा रस्त्याने सकाळी निघायचे. पण आमच्याकडे ओळखीचा माणूस दारावरून नुसता जातो म्हणजे अपमान. पहिल्या ओट्यावर चहा, दुसऱ्यावर भजी, तिसऱ्या ठिकाणी म्हातारीने आग्रहाने शेव-मुरमुरे दिले आणि वर विचारलं, "आबा, वायी गयात का?" म्हणजे वाळलात का. महिनाभर रोज फिरून त्यांचं वजन वाढलं. असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

वाढलं हे त्यांनी मान्य केलं असं मात्र समजू नका. आबांचा वजनकाट्यांवर विश्वासच नव्हता. सगळं आयुष्य कापूस विकण्यात गेलं आणि प्रत्येक व्यापाऱ्याचा काटा त्यांचा माल कमी दाखवतो अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे डॉक्टरांच्या काट्याने वजन जास्त दाखवलं की ते चक्रावून जायचे. हा कुठल्या जातीचा चोर, जो जास्त दाखवतो? पहिल्या खेपेला त्यांनी डॉक्टरांकडे कडता मागितला. कापूस ओला असला की व्यापारी वजनातून ओलाव्याचं कापतो, तो कडता. "डॉक्टरसाहेब, मी घामनी वला व्हई जायेल शे. ओलावाना कडता कापा." डॉक्टरांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. आबांनी आयुष्यात वजनाची चेष्टा कधी केली नव्हती.

दुसऱ्या खेपेला ते साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या, ट्रक तोलायच्या काट्यावर जाऊन उभे राहिले. त्या काट्याला एकेका किलोची पर्वा नसते, तो मोठ्या मनाने गोल आकडा सांगतो. आबांना तो फार आवडला. छापील पावती घेतली, तिच्यावर वाहनाच्या रकान्यात स्वतःच्या मोटारसायकलचा नंबर घालून घेतला आणि सुरतेला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "यात डिझेल धरलंय का?"

जिजी परतीच्या वाटेत नवापूर येईपर्यंत हसत होत्या.

पण या काट्यांच्या वेडापायी एक गोष्ट खरोखर वाईट झाली होती. आबांचा धाकटा भाऊ, सगळे त्याला तात्या म्हणत, ब्राह्मणपुरीला खत-बियाण्याचं दुकान चालवायचा आणि हंगामात कापूस घ्यायचा. तात्याच्या दुकानासमोर, चारचौघांत, आबांनी एकदा ओरडून सांगितलं होतं की माझ्या सख्ख्या भावाचा काटाही मारलेला आहे. कापसाच्या व्यापाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. तात्याने दुकानाचं शटर ओढलं, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं, लग्न-मौत सगळं बंद. चुलतभाऊही तात्याच्या बाजूचे. आबा भाऊबंदकीत एकटे पडले आणि त्याचाही त्यांना अभिमानच होता.

आणि मग श्रावण आला, कानबाई आल्या.

मी नवापूरकडची, ख्रिस्ती घरातली. कानबाई म्हणजे श्रावणात घरी बसवतात ती खानदेशातली देवी; आमच्याकडे त्या नाहीत. पण इतकी वर्षं खानदेशात काढल्यावर रोट काय असतात हे मला कळलं होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. तो पुरुष घरी असो, पुण्यात असो, नाहीतर सातासमुद्रापार. नाव घेतलं की मूठ पडली. ते गहू दळून त्यांच्या पुरणपोळ्या करायच्या, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे खायचं फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, भाडेकरणीला तर नाहीच. आणि पुनवेच्या आत सगळं संपलं पाहिजे. उरलं तर देवी कोपते असं मानतात.

आबांच्या घरात मुठी पडल्या त्या आबांच्या, दोन मुलांच्या आणि नातवांच्या. मोठ्याला पुण्यात ऑफिसातून सुट्टी नाही. धाकटा कॅनडात. त्याने व्हिडिओ कॉलवर देवीला हात जोडले आणि तिकडे काहीतरी ब्रेडसारखं खायला घेतलं. जिजींना डायलिसिसचं पथ्य. त्यांनी प्रसादापुरता घास घेतला. उरलेला सगळा डोंगर आणि समोर एकटे आबा.

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, राहू द्या, देवी समजून घेईल. आबांच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. रोट उरले आणि जिजींना काही झालं तर? वजन वाढलं आणि जिजींना किडनी मिळाली नाही तर? दोन्हीकडून जिजीच. बिचाऱ्यांनी त्यातून मार्ग काढला तो असा: सकाळी मुलाच्या वाटणीच्या पोळ्या खायच्या, मग मशीनवर चढायचं, उतरलं की नातवाच्या वाटणीच्या पोळ्या, पुन्हा मशीन. रविवारी मी चर्चमधून आले तर खालून मशीनची कुरकुर चाललेली. सोमवारी कॉलेजातून आले तरी तीच. खिडकीतून पाहिलं तर एका दांड्यावर हात आणि दुसऱ्या हातात पुरणपोळी. मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि हसू कुठल्या कुठे गेलं. डोळे बाहेर आलेले, ओठ पांढरे, तोंडातला घास गिळवत नाही, आणि पाय फिरतायत.

"मॅडम, या, यास्ले उतारा!" जिजी भिंतीला धरून उभ्या होत्या. मी धावत जाऊन हाताला धरून खाली ओढलं. आबांनी तिथेच ओकारी काढली आणि पहिली चिंता काय? "व माय, रोट वाया गया!"

मग जिजी चिडल्या. हसणाऱ्या जिजींना मी रोज पाहायचे, चिडलेल्या पहिल्यांदा पाहिल्या. "रोट भाऊबंदस्नी मियीसन खावाना ऱ्हातस," त्या म्हणाल्या, "एकटानी पोटमा कोंबाना नही! भाऊबंद कोठे शेतस तुमना? कोनी तोडात? मी तोडात का?"

आबांनी तोंड धुतलं. टोपीची नाडी सोडली. आणि मग मला म्हणाले, "म्याडम, तुमनी स्कूटी काढा."

माझी स्कूटी, मागे आबा. ब्राह्मणपुरीपर्यंत मागचं चाक माझ्याकडे कसं कण्हत होतं ते मलाच माहीत. तात्याच्या दुकानात खताला गर्दी होती. आबांना पाहून लोकांनी वाट करून दिली. तात्या गल्ल्यावरून उठला नाही, बसाही म्हणाला नाही. आबा सरळ आत गेले, खताच्या गोण्यांजवळ पोत्याने झाकलेला कापसाचा मोठा काटा होता, त्यावरचं पोतं ओढून काढलं, आणि त्यावर उभे राहिले.

"लाव," ते म्हणाले.

तात्याने बटण दाबलं. आकडा आला. तो मी सांगत नाही. एवढंच सांगते की डॉक्टरांचा काटा त्यापुढे दयाळू होता. रोटाचे दोन दिवस त्यात चोख उतरले होते. दुकानातले सगळे आता भडका उडणार म्हणून सरसावून उभे राहिले. आबा त्या आकड्याकडे पाहत राहिले. तोंड लाल झालं. मला वाटलं, आता कडता मागतील.

"खरा शे," आबा म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा, "तात्याना काटा खरा शे. मी खोटं बोलनू व्हतू." आणि काट्यावरून न उतरताच भावाला म्हणाले, "आते रोट खावाले चाल रे भो. मन्हा एकटाकडथीन संपत नही. तुन्ही वहिनीना जीवनी गोट शे."

तात्या पुढे आला. "उतरा, भाऊ," म्हणाला, आणि उतरायला हात दिला. संध्याकाळी पिकअप भरून भाऊबंद शहाद्याला उतरले, चुलते, पुतणे, त्यांची पोरं. पुनव यायच्या आधी भांडी घासून पुसून लख्ख. एक पोर तर मशीनवर चढून पोळी खात होतं. आबांनी त्याला दटावलं, "उतर, तठे बठीसन खावानं नही. वाया जास."

तिथून पुढे आबा वेगळेच झाले. म्हणजे भांडण तेच, भाव पाडू नको तेच, माझी झोपमोडही तीच. पण वजन करायला ते फक्त ब्राह्मणपुरीला जायचे, आणि तात्या सांगेल तो आकडा निमूट ऐकून घ्यायचे. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मशीन. घरमालकाचे गाल बसले, पायजम्याची नाडी दोनदा आवळावी लागली. दिवाळीच्या अलीकडे सुरतेच्या डॉक्टरांनी हो म्हटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला शेवट त्यावर करायचाच नाही. जिजी आज चालतात-फिरतात, बाजारात जातात आणि भाजीवाल्याशी भांडतात. आपण म्हटलं होतं तसंच झालं म्हणतात. माझी बदली झाली तरी आबांचा फोन येतो, त्यात अर्धा वेळ जिजींची तक्रार असते आणि मागून जिजींचा आवाज.

मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीचं. किडनी देणारा स्वखुशीने देतोय ना, कुणी भाग पाडत नाही ना, हे पाहायला दवाखान्यात एक कमिटी बसते. ती दोघांना समोर बसवून विचारते. आबांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की कागदोपत्री कामात मी मन्ही भाषामाच बोलसू. मोठा मुलगा तपासण्यांच्या खिडकीवर अडकलेला. मी सोबत सुरतेला गेलेच होते आणि मला गुजराती येतं, म्हणून दुभाषी म्हणून मला आत बोलावलं. टेबलापलीकडे दोन डॉक्टर आणि मधोमध एक वयस्क बाई. जिजी खुर्चीत अंग चोरून बसलेल्या.

नाव, गाव, लग्न कधी झालं, मुलं किती. सगळं सुरळीत. मग त्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "काका, तमारा उपर कोईनुं दबाण तो नथी ने?" मी सांगितलं, आबा, त्या विचारतायत, तुमच्यावर कुणाचा दबाव तर नाही ना? नाही म्हणा, हळूच जोडलं.

"शे," आबा म्हणाले.

मी भाषांतर केलंच नाही, पण त्याचा काही उपयोग नव्हता. आहे म्हणायला गुजरातीत 'छे', आबांचं 'शे' त्याचंच भावंड; गुजराती माणसाला ते सांगावं लागत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. एक डॉक्टर पुढे सरकला.

"कोनुं?" कुणाचा?

"हिना," आबांनी जिजींकडे बोट केलं.

जिजींनी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या महिन्यांची मेहनत, घाम, रोट, भाऊ, सगळं या एका माणसाच्या जिभेवर आता पाण्यात जाणार. मी रागाने म्हटलं, "आबा, नीट सांगा! काय दबाव आहे?"

आबा माझ्याकडे वळलेच नाहीत. ते जिजींकडे बघत होते. "लगन व्हयनं तवयपाईन हाई मन्हासंगे झगडस," ते म्हणाले. "हाई आना, ते आना, मीठ संपनं, टोपी धुवाले टाका. जे लागनं ते मांगं तिनी मनापाशीन. आनि आते इतली मोठी गोट, जीवनी गोट, आनि एक डाव बी मांगं नही. एक डाव बी नही. मी रोज त्या मशीनवर चालनू, आनि हाई समोर बठीसन हासनी. पन मांगं नही." त्यांचा आवाज फाटला. "सांगा तेस्ले, म्याडम. याना पेक्षा मोठा दबाव कोनता ऱ्हास?"

मी सांगितलं. गुजरातीत सांगताना माझे शब्द मागेपुढे झाले.

जिजींनी पदराने डोळे पुसले, आबांचा हात धरला आणि त्या कमिटीच्या देखत, भाजीवालीला सांगावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मांगस. मले जगानं शे. द्या."

एवढ्याचं भाषांतर मी केलं नाही. त्या बाईंनी विचारलंही नाही. त्या सही करत होत्या.